नाणेघाटाची पायवाट: वैशाखरे ते घाटघर, प्रकल्प नोंदी

८ ऑक्टोबर

कामाचा आवाका ठरला. कल्याण–मुरबाड–माळशेज रस्त्यावरच्या वैशाखऱ्यापासून नाणेघाट चढून घाटघरपर्यंतची पायवाट नकाशावर आणायची. वाटेतली पाण्याची टाकी नोंदवायची. खालच्या जंगलपट्टीत पावसाने उखडलेला भाग सावरायचा आणि पुढच्या पावसाळ्याआधी एक घडीपत्रक छापून तयार ठेवायचं. पायथा ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात आणि माथा पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, म्हणून वनखात्याकडे दोन वेगळे अर्ज द्यायचे. माथ्याखालची कोरीव गुहा आणि तिच्या आसपासचा परिसर पुरातत्त्व खात्याचा. तिथे मोजमाप आणि फोटो यापलीकडे काहीही करायचं नाही.

पत्रक खालून वर लिहायचं. आजकाल बहुतेक लोक जुन्नरकडून गाडीने थेट माथ्यावर येतात, तिथल्या दगडी रांजणापाशी फोटो काढतात, जमलं तर शंभरेक पावलं उतरून गुहेत डोकावतात आणि परततात. अशा भेटीत घाट कळत नाही. सोपारा किंवा कल्याण या जुन्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जायचा तो खालून वर. पाणी कुठे, विसावा कुठे, जकातीची वसुली कुठे, हे सगळं त्या चढणीच्या हिशेबाने बसवलेलं आहे. चढत गेलं तर क्रम आपोआप लागतो.

१५ ऑक्टोबर

पावसाळ्यानंतरची पहिली पाहणी. खालच्या सपाटीवर गवत कमरेएवढं, वाट पूर्ण झाकलेली. रस्त्यावरच्या नाणेघाटाच्या फलकापासून आत शिरल्यावर पहिला अर्धा-पाऊण तासच चुकण्याचा. पुढे चढ सुरू झाला की वाट स्वतःच नेते. चुकण्याचं कारण गुरांच्या वाटा. गुरं ओढ्याकडे जाताना काठाला समांतर चालतात आणि त्यांच्या पायांनी मूळ वाटेपेक्षा रुंद पट्टा पडतो. नवखा माणूस साहजिकच रुंद वाट धरतो. ओळख अशी: गुरांच्या वाटेला तुटक फाटे फुटतात आणि ती झाडोऱ्यात विरते. मूळ वाटेवर दगड घासून गुळगुळीत झालेले दिसतात आणि चढ लागताच कडेला रचलेले धोंडे दिसू लागतात.

कारवी दाट आहे. तिच्यातून जाताना हात घालून आधार घ्यायचा नाही. फुरसं (विषारी साप) दगडाच्या रंगाचं असतं आणि उन्हं उतरल्यावर वाटेवरच्या तापलेल्या दगडांवर येऊन बसतं. पत्रकात ही सूचना ठळक हवी, पण भीती घालणारं चित्र नको. बूट घोट्याच्या वर असावेत, काठी पुढे आपटत चालावं आणि पाहिल्याशिवाय दगडावर बसू नये, एवढं पुरे.

२९ ऑक्टोबर

मूळ नकाशाचं काम. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घेतला. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर २० मीटरला. या प्रमाणात नाणेघाटाची वरची नाळ, म्हणजे कड्यांमधली अरुंद घळ, दिसतच नाही. कड्याची रेघोटी काढलेली असते आणि तुटक वाट तिच्यातून आरपार गेलेली. चालणाऱ्याला ती उपयोगाची नाही, म्हणून नाळेपुरता मोठ्या प्रमाणाचा वेगळा तुकडा काढून पत्रकाच्या कोपऱ्यात द्यायचा.

जुनी एक इंची पत्रकं (१:६३,३६०) वापरणाऱ्यांनी जपून. ती एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीचा आकार मानून केलेल्या जुन्या गणितावर) आधारलेली आहेत आणि आजचे जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या गोलाभावर चालतात. जुन्या नकाशावर आजचे अंक तसेच टाकले तर वाट डोळ्यांना दिसेल इतकी सरकते आणि कड्याच्या काठाशी हे सरकणं अंगाशी येतं. आधी रूपांतर, मगच आखणी. पडताळायला दोन पक्क्या खुणा हव्यात. माथ्याची खिंड (१९°१७′ उत्तर, ७३°४०′ पूर्व) आणि पायथ्याचा रस्ता व ओढ्याचा पूल या दोन सोयीच्या पडल्या.

उंचीचा घोळ वेगळाच. मोबाइलमधली काही ॲप्स समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतच नाहीत, गोलाभापासूनची कच्ची उंची दाखवतात. पश्चिम महाराष्ट्रात हा फरक ६० मीटरच्या पुढे जातो आणि कच्चा आकडा खऱ्या उंचीपेक्षा कमी येतो. एकाच गटातल्या दोन फोनवर दोन उंच्या दिसल्या तर बहुधा कारण हेच. पत्रकात उंची समुद्रसपाटीपासूनच द्यायची आणि दहाच्या पटीत. एक-दोन मीटरची अचूकता मिरवण्यात अर्थ नाही.

१९ नोव्हेंबर

जीपीएसवर वाटेचा ट्रॅक नोंदवला. मध्यांतर सेकंदांवर न ठेवता अंतरावर ठेवलं, दर पाच मीटरला एक बिंदू. वेळेवर ठेवलं की माणूस विसाव्याला बसल्यावर त्याच जागी बिंदूंचा गुंता होतो आणि एकूण अंतर फुगतं. खालच्या जंगलात पानगळीआधी संकेत कमकुवत मिळतो, पण चालतं. खरा त्रास वरच्या नाळेत. दोन्ही बाजूंना उभा कातळ असल्याने आकाशाची फक्त चिरोटी दिसते, उपग्रह कमी मिळतात आणि संकेत भिंतीवर आपटून उशिरा पोचतो. ट्रॅक कड्याच्या आतून गेल्यासारखा उमटतो. असा भाग सरळ खोडायचा आणि टेप व होकायंत्राने हाताने भरायचा. नाळ तोंडापासून माथ्यापर्यंत ३० मीटरच्या टेपने तुकड्या-तुकड्यांनी मोजायची, प्रत्येक तुकड्याची दिशा आणि चढाचा कोन लिहायचा, घरी येऊन कागदावर जोडायचं. जुनी पद्धत आहे, पण अशा जागी हीच खात्रीची.

वेळेचं गणित: रस्त्यापासून गुहेपर्यंत चढ साधारण ६०० मीटरचा. सवय असलेल्याला दोन-अडीच तास, सवय नसलेल्याला तीन-साडेतीन. उतरायला दोन तास धरावेत. ओल असेल तर चढण्याइतकाच वेळ लागतो. दुपारी चारनंतर वरून उतरायला सुरुवात करू नये. जंगलपट्टीत अंधार लवकर पडतो आणि वाट चुकण्याची जागा नेमकी तिथेच, शेवटच्या टप्प्यात येते.

३ डिसेंबर

टाक्यांची मोजणी. आमच्या मते या घाटाचा सगळ्यात वाचण्याजोगा भाग हाच, आणि सर्वात दुर्लक्षित. गुहेच्या आजूबाजूला आणि थोडं खाली कातळात खोदलेली टाकी आहेत. त्यांतल्या एकावर ब्राह्मी लेख आहे: सोपाऱ्याच्या गोविंददासाने ही पोढी, म्हणजे टाकं, दान दिली. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, वसई तालुक्यातलं जुनं बंदर. किनाऱ्यावरच्या माणसाने घाटमाथ्याजवळ पाण्याची सोय करावी, यात धर्म आहेच. रोजच्या वाहतुकीचा हिशेबही आहे.

हीच साखळी वर जुन्नरला पुढे चालू राहते. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावरच्या लेखात कल्याणच्या सुलसदत्ताचं दान नोंदलेलं आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने (संघाने) सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. इरिल नावाच्या यवनाने (म्हणजे ग्रीकाने) दोन पोढ्या दिल्या. पत्रकाचा कणा म्हणून हे दातेच घ्यायचे ठरले. राजांची नावं लोकांना कुठेही मिळतात.

मोजण्याची रीत. आधी तोंडाची लांबी-रुंदी, मग आतली, कारण बरीच टाकी तोंडाशी अरुंद आणि आत रुंदावलेली असतात. कातळाच्या छताखाली पाणी राहिलं की ऊन लागत नाही आणि बाष्पीभवन घटतं. खोली मोजायला बांबूवर दर दहा सेंटिमीटरला रंगाचा पट्टा मारला. बांबू गाळात हळूच रुतून थांबतो. तो गाळाचा माथा. मग तिथेच लोखंडी सळई दाबत न्यायची, तळ लागला की ठण्ण आवाज येतो आणि हाताला झिणझिणी बसते. दोन्हींतला फरक म्हणजे गाळाची जाडी. एकाच जागी मोजून भागत नाही. गाळ तोंडाखाली सर्वांत जाड असतो, कारण पालापाचोळा तिथूनच पडतो.

धारणक्षमता काढायचं उदाहरण पत्रकात द्यावं. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दीड मीटर खोल टाकं म्हणजे नऊ घनमीटर, ९,००० लिटर. चढ चढून आलेला बैल दिवसाला ४० लिटरच्या आसपास पाणी पितो. म्हणजे असं एक टाकं काठोकाठ भरलेलं असेल तर सव्वादोनशे बैलांचं एका दिवसाचं पाणी झालं, माणसांचं वेगळं. शंभर-सव्वाशे किलो ओझ्याचा बैल धरला तर केवढा तांडा एका विसाव्यात निभावायचा, हे शाळेतल्या पोरालाही मांडता येईल. म्हणून एकाच मोठ्या टाक्याऐवजी अनेक टाकी. गुरांचं आणि माणसांचं पाणी वेगळं राहतं, एकात घाण गेली तरी बाकीची वाचतात.

पिण्याबाबत: टाक्यातलं पाणी थेट पिऊ नये. शेवाळ, बेडूक, प्लास्टिकच्या पिशव्या आणि माकडांचा वावर, सगळंच आहे. फडक्यातून गाळून खळखळून उकळावं किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावं. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, म्हणून गाळणं आधी. खालून निघताना माणशी तीन लिटर घेतलं तर हा प्रश्नच येत नाही.

गाळ काढण्याची सूचना बरेच जण करतात. परवानगीशिवाय घमेलंही खाली सोडायचं नाही. गाळात खापऱ्या, नाणी, मणी काहीही असू शकतं आणि फावड्याने उपसलेल्या ढिगातून कुठल्या थरात काय होतं हे पुन्हा कळत नाही. शिवाय रिकामं टाकं ऐन उन्हात तापलं की तळाच्या भेगा वाढण्याचा धोका असतो. वर तरंगणारा प्लास्टिकचा कचरा जाळीने काढावा, तेवढंच.

१७ डिसेंबर

गुहा. दालन चौकोनी, तीन बाजूंना दगडी ओटे. डाव्या भिंतीवर दहा ओळी, उजव्या भिंतीवर दहा. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी नागनिका हिचा हा लेख. काळ इसवीसनपूर्व पहिलं शतक मानतात, काही अभ्यासक त्याआधीचंही सुचवतात. पत्रकात दोन्ही मतं एका ओळीत द्यायची.

लेखाच्या सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या लोकपालांना नमन आहे. पुढे यज्ञांची यादी: अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय, आप्तोर्याम, गवामयन वगैरे. प्रत्येक यज्ञाला दक्षिणा किती, ते आकड्यांत. एका ठिकाणी १,७०० गायी आणि १० हत्ती, एका ठिकाणी ११,००० गायी आणि १,००० घोडे, एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. ते आकडे चिन्हांत कोरलेले आहेत आणि भारतातल्या जुन्यात जुन्या अंकलेखनापैकी मानले जातात.

आकडा कसा लिहिलाय ते लोकांना दाखवलं की सगळे भिंतीजवळ सरकतात. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. २४,४०० लिहायला तीन चिन्हं: हजाराच्या खुणेला वीस जोडून वीस हजार, हजाराच्या खुणेला चार जोडून चार हजार, शंभराच्या खुणेला चार जोडून चारशे. बेरीज वाचणाऱ्याने करायची. पत्रकात या एकाच आकड्याचं मोठं रेखाटन द्यायचं. संपूर्ण लेखाचा ठसा छोट्या छपाईत कुणालाच वाचता येत नाही.

मागच्या भिंतीवर आठ प्रतिमा होत्या. आता त्यांच्या पायांपाशीचे थोडे अवशेष उरलेत, पण वरची नावं राहिलीत: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका) आणि राजा श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. मधलं नाव गेलेलं आहे. १८२८ मध्ये कर्नल साइक्स इथे आले तेव्हापासून या प्रतिमांची छापील नोंद सुरू होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेखांच्या प्रती घेतल्या आणि अंकांचा अभ्यास केला, ब्यूलर यांनी १८८३ मध्ये वाचन प्रसिद्ध केलं. गुहा विसाव्याची की राजघराण्याचं प्रतिमागृह, यावर वाद घालण्यापेक्षा दोन्ही सांगावं. ओटे बसण्यासाठी आहेत आणि भिंती मिरवण्यासाठी. घाट चढून दमलेला प्रत्येक व्यापारी अर्धा तास त्या आकड्यांकडे बघत बसणार, याहून चांगली जाहिरात कुठल्या राजाला मिळेल?

फोटोचं तंत्र. समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होऊन गायब होतात. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात, बाजूने प्रकाश टाकायचा. कोरीव रेघेत सावली भरते आणि अक्षर उठून दिसतं. प्रत्येक भागाचे निदान दोन फोटो घ्यायचे, एकदा डावीकडून प्रकाश, एकदा उजवीकडून. एका बाजूला रेघ वाटते ती दुसऱ्या बाजूला तडा निघते. कॅमेरा तिवईवर, भिंतीला काटकोनात, मोजपट्टी चौकटीत. सलग चित्र जोडायचं असेल तर शेजारच्या दोन फोटोंत सत्तर टक्के भाग सामाईक हवा. अक्षरांत खडू, पीठ, रांगोळी, पाणी काहीही भरायचं नाही. खडूची भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते आणि पुढच्या पावसात ओल धरून पापुद्रे सुटतात. भिंतीवर नावं कोरणाऱ्यांविषयी लिहून उपयोग नाही. गुहेची लोखंडी जाळी त्यांच्याचसाठी आहे.

१४ जानेवारी

परवानगी आली ती फक्त जंगलपट्टीतल्या वाटेच्या दुरुस्तीची. वरच्या खोदीव पायऱ्यांना हात लावायचा नाही. त्यांच्यावर साचलेले सुटे गोटे बाजूला करणं तेवढं चालेल.

खाली दोष एकच आहे, पाणी. वाट सभोवतालच्या जमिनीपेक्षा खोल गेली की पावसाळ्यात तीच ओढा होते. मग लोक कडेने चालतात, कड तुटते, वाट रुंदावते, आणखी पाणी घेते. आधी पाणी बाहेर काढायचं, दगड बसवण्याचं काम नंतर.

आडवे चर असे घेतले. वाटेच्या दिशेला काटकोनात न घेता ३० ते ४५ अंशांत तिरके, तोंड उताराच्या बाजूला. काटकोनात घेतला की पाण्याचा वेग मोडतो, गाळ तिथेच बसतो आणि पहिल्या मोठ्या सरीत चर बुजतो. तिरका असला की पाणी वेगात निघून जातं आणि चर स्वतःच धुतला जातो. चराच्या खालच्या बाजूला सलग दगडांची ओळ. प्रत्येक दगड दोन-तृतीयांश जमिनीत, एक-तृतीयांश वर. याहून कमी पुरला तर गुरांच्या खुराने हलतो. पाणी बाहेर पडतं तिथे हातभर लांबीचा चपट्या दगडांचा थर द्यायचा, नाहीतर तिथे खड्डा पडून कड मागे खात येते. अंतर उतारावर: तीव्र चढावर आठ-दहा मीटरला एक, मंद चढावर पंचवीस-तीस मीटरला एक पुरतो.

पायरीची उंची १५ ते १८ सेंटिमीटर. वीसच्या वर गेली की माणूस पायरी टाळून कडेने जातो आणि सगळं काम वाया. पायरीचा दगड खालच्या दगडावर निदान पाच सेंटिमीटर चढलेला हवा, वरच्या तोंडाला किंचित पुढे उतार, म्हणजे पाणी मागे साचत नाही. सिमेंट कुठेही नाही. सिमेंटचा सांधा तडकतो, आत पाणी शिरतं आणि दगडासकट ठोकळा निसटतो. कोरडी रचना मुरते, गरजेपुरती हलते आणि पहारीने पुन्हा बसवता येते. अवजारं: दोन पहारी, टिकाव, कुदळ, फावडं, घमेली, पातळी नळी, सुतळी. दगड वाटेपासून दूरचा आणायचा, जवळच्या रचलेल्या कडेचा एकही काढायचा नाही. जुन्या वाटेचा आधार तोच असतो.

११ फेब्रुवारी

खुणा. दगडांवर रंगाचे बाण या डोंगरांत आधीच भरपूर आहेत. त्यांतले काही जीवधन किल्ल्याकडे नेतात, काही भोरांड्याच्या दाराकडे (शेजारची दुसरी घाटवाट), काही कुणाच्यातरी एका दिवसाच्या शर्यतीचे उरलेले. नवा रंग घालून गोंधळ वाढवायचा नाही. रिबिनी माकडं ओढून नेतात आणि उरलेल्या गुरांच्या पोटात जातात. लगोरीसारखे रचलेले दगड गुरं पाडतात. शेवटी लाकडी खांब, जमिनीवर कमरेएवढे, फक्त जिथे वाट खरोखर फुटते तिथे. खांबावर क्रमांक, तोच पत्रकातल्या नकाशावर. मदत मागायची वेळ आली तर "सहा आणि सात क्रमांकांच्या मधे" एवढं सांगितलं की गावातला माणूस बरोबर पोचतो. गुहेच्या परिसरात एकही खांब नाही.

१० मार्च

माथा. कोकणाच्या बाजूने अरुंद नाळ संपली की एकदम पठार उघडतं. समोर जीवधन आणि त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका, डाव्या-उजव्या हाताला तुटलेले कडे. खालून दिसणारा नाण्याचा अंगठा तो हाच कडा, वरून पाहिला तर साधी टेकडी वाटते.

खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण. जकातीचा रांजण म्हणून त्याची ओळख आहे. त्यावर तसं काही कोरलेलं नाही, म्हणून पत्रकात "परंपरेने" हा शब्द न चुकता यायला हवा. जागा मात्र वसुलीला चोख आहे: नाळेतून बैल एकामागे एकच येऊ शकतो, चुकवून जायला दुसरी वाट नाही, आणि चढून आलेला माणूस वाद घालण्याच्या स्थितीत नसतो.

टाक्यांची पातळी पुन्हा पाहिली. छताखालची टाकी बरीच भरलेली, उघडी टाकी अर्ध्याखाली आणि हिरवी. फरक डोळ्यांनी दिसतो, मोजण्याचीही गरज नाही. मार्चपासून पुढे चालणाऱ्यांनी वाटेत पाणी मिळेल असं धरूनच चालू नये.

कड्यांवर आग्या मोहोळं आहेत. धूर, अत्तर, फटाके, ड्रोन हे सगळं बंद. माशा उठल्या तर पाण्यात उडी मारण्याचा उद्योग करू नये; चेहरा-मान झाकून, हात न झटकता, दाट झाडीत खाली सरकायचं आणि लांब जायचं. उभ्या पायऱ्यांवर पळणं माशांपेक्षा धोक्याचं.

७ एप्रिल

घाटघर ते जुन्नर जोडणी. गाडीरस्त्याने हे अंतर तीसेक किलोमीटर. चालत सलग करण्यात फारशी मजा नाही, पण थांबे महत्त्वाचे. पूर गावचं कुकडेश्वराचं देऊळ, कुकडी नदीचा उगम तिथलाच. मग चावंड किल्ला, कातळातली सात टाकी. पुढे माणिकडोह धरणाचं पाणी रस्त्याच्या सोबतीला. शेवटी जुन्नर, चारी बाजूंना लेणी: लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी. मानमोडीला नहपान या शक क्षत्रपाचा (सातवाहनांच्या प्रतिस्पर्धी राजाचा) अमात्य अयम याचा ४६व्या वर्षाचा लेख आहे, म्हणजे ज्या घाटाच्या माथ्यावर सातवाहनांनी आपली नावं कोरली तोच मुलूख काही काळ क्षत्रपांच्या हातात होता. घाट ज्याच्या हाती त्याच्या हाती जकात, भांडण त्यासाठीच.

घाटघरच्या परिसरात हा बाळहिरड्याचा हंगाम. हिरडा वाळत घातलेला असतो तो रस्त्याच्या कडेला, कातळावर, अंगणात. चालणाऱ्यांनी त्यावरून जायचं नाही, गाड्या लावायच्या नाहीत. महादेव कोळी कुटुंबांचं वर्षाचं रोख उत्पन्न बरंचसं त्यावर असतं. गावात आधी सांगितलं तर जेवण मिळतं. ऐनवेळी दहा माणसं दारात उभी राहिली तर चुलीवरच्या बाईची अडचण होते. आदल्या दिवशी फोन, हे पत्रकात लिहायचं.

१२ मे

कच्च्या पत्रकाची परीक्षा. वाट न पाहिलेल्या माणसांच्या हातात नकाशा दिला आणि सोबत कुणी बोललं नाही. तीन गोष्टी बदलाव्या लागणार. एक, "ओढा ओलांडा" या सूचनेला उन्हाळ्यात अर्थ नाही, पात्र कोरडं असतं आणि ते ओलांडून गेल्याचं लोकांना कळतही नाही. त्याऐवजी "गोट्यांचं रुंद पात्र" असं लिहायचं. दोन, उत्तर दिशा नकाशात वर ठेवली की चढण बाजूला जाते आणि लोक कागद फिरवत राहतात. नाळेच्या तुकड्यात चढाची दिशा वर ठेवायची, उत्तरेचा बाण वेगळा. तीन, किलोमीटरपेक्षा वेळ द्यायची. चढावर अर्धा किलोमीटर म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला पोचत नाही.

वणव्याच्या खुणा खालच्या उतारावर दिसल्या. दोन खांबांची खालची टोकं जळाली आहेत, पावसाळ्यानंतर बदलायची. चुली पेटवू नयेत ही ओळ पहिल्या पानावर.

९ जून

पावसाआधीचं शेवटचं काम. सगळे चर साफ केले, तोंडाशी साचलेला पाला काढला. पहिल्या सरींत पालाच चर बुजवतो, माती नंतर येते.

पावसाळी पान वेगळं छापलं. जून ते सप्टेंबर खालून चढू नये, असं स्पष्ट लिहिलं आहे: ओढे तासाभरात चढतात, नाळेत वरून दगड येतात, खोदीव पायऱ्यांवर शेवाळ असतं. माथ्यावरच्या उलट्या धबधब्याबद्दल दोन ओळी. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्यावर आपटून वर उसळतो आणि पडणारं पाणी फवारा होऊन माघारी येतं. म्हणून पाऊस आणि वारा दोन्ही जोरात हवेत. नुसत्या पावसात पाणी सरळ पडतं आणि लोक फसवणूक झाल्यासारखे तोंड करून परततात. तोच वारा माणसालाही ढकलतो, आणि झोत मधेच थांबला की वाऱ्यावर रेललेल्याचा तोल पुढे जातो. काठापासून निदान दहा मीटर मागे राहायचं, छत्री उघडायची नाही.

छपाई: ए-थ्री कागद, १३० जीएसएम, तीन घड्या. नकाशाची बाजू अखंड, मजकूर मागे. घडी नाळेच्या तुकड्यावरून जाणार नाही असं बसवलं आहे, कारण घडीवर शाई आधी उडते. प्रती वैशाखऱ्याच्या टपरीवर, घाटघरला आणि जुन्नर बसस्थानकाजवळ ठेवायच्या. उरलेलं काम: जळालेले दोन खांब, ऑक्टोबरमध्ये चरांची तपासणी, आणि टाक्यांच्या पातळ्यांची नोंद पुढच्या मार्चमध्ये पुन्हा.